यादीतील शब्दशोध आणि अनुपलब्धीचे प्रमाण

(१)

धुळे शहराचा आणि मराठी शब्दांच्या शोधाचा संबंध जुना आहे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे देहावसान ३१ डिसेंबर १९२६ रोजी याच शहरी झाले, आणि पुढील वर्षी त्यांच्या दप्तराच्या रक्षणार्थ येथे राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. शंकर श्रीकृष्ण देव यांनी समर्थसंप्रदायाची हस्तलिखिते मिळवून जेथे एकत्र केली ते श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरही याच शहरातले. अशा स्थळी दप्तराशी दीर्घकाळ बसणाऱ्या अभ्यासकाला एकच प्रश्न पुनःपुन्हा सोडवावा लागतो : समोर असलेल्या शेकडो नोंदींपैकी कोणत्या नोंदींत अमुक एक शब्द आला आहे?

हा प्रश्न आज यंत्राला विचारता येतो. हस्तलिखितांच्या सूची, दप्तरांच्या याद्या, गावांच्या नामावळी संगणकावर उतरल्या आहेत व उतरत आहेत. संगणकाच्या परिभाषेत अक्षरांच्या एका सलग मालेला ‘स्ट्रिंग’ म्हणतात आणि अशा मालांच्या क्रमवार मांडणीला ‘ॲरे’ म्हणतात. दप्तराची यादी ही यंत्राच्या दृष्टीने अशा अक्षरमालांची ॲरे होय. तिच्यातून इष्ट शब्द असलेल्या नोंदी काढून देण्याचे काम आज बहुतेक ठिकाणी जावास्क्रिप्ट या भाषेत लिहिलेली आज्ञावली करते, कारण ब्राउझरमधून वाचल्या जाणाऱ्या पृष्ठांची तीच प्रमुख भाषा आहे.

यंत्राचे उत्तर निमिषार्धात मिळते. त्यामुळे त्या उत्तराचा अर्थ काय, हा विचार मात्र मागे पडतो. ‘इतक्या नोंदी सापडल्या’ या विधानाला फारसा धोका नसतो, कारण सापडलेली नोंद डोळ्यांनी पडताळता येते. धोका आहे तो ‘एकही नोंद सापडली नाही’ या उत्तरात. या उत्तरावरून ‘अमुक काळी हे नाव प्रचारात नव्हते’, ‘अमुक लेखकास हा शब्द ठाऊक नव्हता’ अशी अनुमाने काढली जातात. ती कितपत ग्राह्य धरावीत, हे ठरविण्यासाठी यादीतील शब्दशोधाची रीत मुळापासून पाहणे अवश्य आहे. धुळे शहराचा पांझरा नदीपलीकडील भाग जो देवपूर, त्याचे नाव या परीक्षणास उदाहरण म्हणून पुरेसे आहे. कारण चार अक्षरांच्या या नावात मराठी शब्दशोधाच्या बहुतेक अडचणी एकत्र आल्या आहेत.

(२)

शब्द यादीत शोधण्याच्या तीन रीती संभवतात. इष्ट अक्षरे नोंदीच्या आरंभी आहेत काय, अंती आहेत काय, किंवा कोठेही मध्ये आहेत काय, असे तीन प्रकारे विचारता येते. भारतीय ग्रंथपरंपरेत या तिन्ही रीती यंत्रापूर्वी रूढ होत्या.

अंत्यवर्णावरून शोधण्याची सोय संस्कृत कोशकारांनी केली. इ. स. ११११ मध्ये महेश्वराने रचलेला ‘विश्वप्रकाश’ हा कोश, तसाच पुढील काळातील ‘मेदिनी’ हा कोश, यांत शब्दांची मांडणी अंत्य व्यंजनाच्या क्रमाने केलेली आहे. श्लोकाच्या चरणान्ती योग्य शब्द हवा असणाऱ्या कवीस ही मांडणी सोयीची होती. आद्यवर्णावरून शोधण्याची रीत प्रतीकसूचींत दिसते. मॉरिस ब्लूमफील्ड याने १९०६ साली प्रसिद्ध केलेली वैदिक चरणांची महासूची ही या प्रकारची. तीत वैदिक वाङ्मयातील चरण अकारविल्हे लावलेले आहेत. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ साली आरंभून १९६६ साली पूर्ण केली आणि तिला जोडून परशुराम लक्ष्मण वैद्य यांची प्रतीकसूची १९६७ पासून सहा खंडांत काढली. ज्याला चरणाचा आरंभ आठवतो त्याला या सूची तत्काळ उत्तर देतात. ज्याला केवळ मधला एखादा शब्द आठवतो त्याला त्या काहीच सांगत नाहीत. सूची मुकी राहिली म्हणून तो चरण महाभारतात नाही असे कोणी मानीत नाही; सूचीची मर्यादा तिच्या मांडणीतच उघड दिसते.

तिसरी रीत सर्वांत कष्टाची. शब्द कोठेही असला तरी सापडावा, असे वाटत असेल तर ग्रंथातील प्रत्येक शब्द वेगळा काढून त्याची स्थाने लिहिली पाहिजेत. पॅरिस येथील डॉमिनिकन साधूंनी तेराव्या शतकात ह्यू ऑफ सेंट शेर याच्या नेतृत्वाखाली बायबलची अशी शब्दसूची रचली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ साली सुरू झालेल्या संस्कृत महाकोशाच्या कार्यासाठी सुमारे दीड हजार ग्रंथांतून सुमारे एक कोटी चिठ्ठ्या लिहून काढण्यात आल्या. प्रत्येक चिठ्ठीवर एक शब्द आणि त्याचे स्थळ. चिठ्ठी लिहिणारा पंडित ‘रामेण’ हे रूप पाहून ती ‘राम’ या शब्दाखाली लावीत असे. पृष्ठावरील अक्षरे आणि शोधावयाचा शब्द यांच्यात जो फरक होता तो ओलांडण्याचे काम मनुष्याचे ज्ञान करीत होते, व ते इतके सहज होत होते की त्याची स्वतंत्र नोंद करण्याची गरज कोणास भासली नाही.

(३)

हा फरक ओलांडणे म्हणजे एक निर्णय असतो, हे राजवाड्यांच्या एका प्रसिद्ध गणनेवरून स्पष्ट होते. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेच्या आठव्या खंडाच्या प्रस्तावनेत त्यांनी वेगवेगळ्या काळांतील मराठी पत्रे घेऊन त्यांतील फारसी व मराठी शब्द मोजले. इ. स. १६२८ च्या पत्रात मराठी शब्दांचे प्रमाण शेकडा सुमारे १४, १६७७ च्या पत्रात सुमारे ६२ आणि १७२८ च्या पत्रात सुमारे ९३ असे त्यांस आढळले. शिवकालात राज्यव्यवहाराची भाषा कशी पालटली याचा पुरावा म्हणून हे आकडे तेव्हापासून आजवर उद्धृत होत आले आहेत.

या गणनेचे स्वरूप पाहिले तर ती शब्दांच्या यादीवर चालविलेली चाळणीच होय. प्रत्येक शब्द घ्यावयाचा, एका कसोटीस लावावयाचा, आणि उत्तीर्ण झालेले शब्द बाजूस काढून त्यांची संख्या घ्यावयाची. तीन-चार पत्रांचा नमुना लहान आहे, हा आक्षेप उघड आहे. त्याहून महत्त्वाचा प्रश्न कसोटीचा. फारसी धातूस मराठी प्रत्यय लागलेले रूप कोणत्या बाजूस घालावे? एकच शब्द एका पत्रात पाच वेळा आला तर तो एक मानावा की पाच? अरबीतून फारसीत आणि फारसीतून मराठीत आलेल्या शब्दाचे कूळ कोणते? या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर बदलले की शेकडेवारी थोडीबहुत बदलते. राजवाडे ज्या पत्रांवरून मोजत होते ती पत्रे छापून वाचकापुढे ठेवलेली होती. त्यामुळे ज्याला त्यांची कसोटी मान्य नसेल त्याने आपल्या कसोटीने पुन्हा मोजावे, ही वाट मोकळी होती. शब्दशोधावर आधारलेल्या निष्कर्षाची प्रतिष्ठा या मोकळ्या वाटेवर अवलंबून असते.

शब्दाच्या निरनिराळ्या रूपांत एकच शब्द ओळखणे हा तर राजवाड्यांच्या भाषाविषयक कार्याचा गाभाच होता. १९०९ साली त्यांनी जुन्या हस्तलिखितावरून ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली, ‘ज्ञानेश्वरीतील मराठी भाषेचे व्याकरण’ लिहिले, आणि मराठी धातूंच्या व नामांच्या व्युत्पत्तीचा जो संग्रह ते मागे ठेवून गेले तो धुळ्याच्या मंडळाने कोशरूपाने प्रकाशात आणला. कोणती दोन रूपे ‘एकच’ म्हणावयाची, हे ठरविल्याखेरीज यांपैकी एकही कार्य पुढे सरकले नसते.

(४)

यंत्राने शब्दशोध हाती घेतला तेव्हा आरंभी विचार झाला तो वेगाचा. लांबलचक मजकुरात एक शब्द शोधताना प्रत्येक स्थानापासून पुन्हा पहिल्या अक्षराने आरंभ करणे व्यर्थ श्रमाचे आहे. जुळलेल्या भागाची स्मृती ठेवली तर मजकुराकडे मागे वळावे लागत नाही. हा विचार क्नूथ, मॉरिस व प्रॅट यांनी १९७७ साली मांडला. त्याच वर्षी बॉयर व मूर यांनी इष्ट शब्दाच्या शेवटच्या अक्षरापासून तुलना करण्याची रीत प्रसिद्ध केली; तीत न जुळणारे अक्षर आढळताच मजकुराचा मोठा भाग न वाचताच ओलांडता येतो. त्यापूर्वी १९७५ साली बेल प्रयोगशाळेतील आहो व कोरासिक यांनी अनेक शब्द एकाच वाचनात शोधण्याची युक्ती काढली होती, आणि ती ग्रंथसूचींतील शोधासाठीच काढलेली होती, ही गोष्ट प्रस्तुत विषयात लक्षणीय आहे. शब्दाऐवजी शब्दांचा आकृतिबंध शोधण्याची कल्पना क्लीनी याच्या गणितातून आली व १९६८ साली केन टॉम्पसन याने ती संपादनयंत्रणेत उतरविली. तिलाच आज ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ म्हणतात.

जावास्क्रिप्ट ही भाषा १९९५ साली नेटस्केप या कंपनीत ब्रेंडन आइक यांनी घडविली व १९९७ साली तिचे पहिले प्रमाणपुस्तक निघाले. एका अक्षरमालेत दुसरी कोठे आहे हे सांगणारी ‘इंडेक्सऑफ’ ही क्रिया तिच्यात आरंभापासून होती. तिचे उत्तर स्थानाच्या अंकाने मिळते, आणि काहीच न आढळल्यास ‘उणे एक’ मिळते. येथे मोजणी शून्यापासून चालते. म्हणून शब्द अगदी आरंभी असल्यास उत्तर शून्य येते. ‘शून्य म्हणजे नाही’ अशी समजूत करून घेणाऱ्या नवशिक्याची आज्ञावली नेमक्या पहिल्या स्थानावरील नोंदी गमावते. १९९९ च्या तिसऱ्या आवृत्तीत आकृतिबंधाने शोधण्याची सोय प्रमाणित झाली. संपूर्ण ॲरेवर चाळणी लावून उत्तीर्ण नोंदींची नवी यादी देणारी ‘फिल्टर’ ही क्रिया २००९ च्या पाचव्या आवृत्तीत प्रमाणित झाली. २०१५ साली अक्षरमालेसाठी ‘इन्क्लूड्स’, ‘स्टार्ट्सविथ’ व ‘एंड्सविथ’ या क्रिया आल्या. म्हणजे प्रतीकसूचीची, विश्वप्रकाशाची आणि शब्दसूचीची अशा तिन्ही रीती भाषेत स्वतंत्र नावांनी नांदू लागल्या. २०१६ साली ॲरेसाठीही ‘इन्क्लूड्स’ ही क्रिया मिळाली. या क्रियेचे नाव प्रथम ‘कंटेन्स’ असे योजिले होते; परंतु मूटूल्स या जुन्या ग्रंथालयसंचात तेच नाव आधीपासून असल्यामुळे अनेक जुनी संकेतस्थळे बिघडू लागली आणि नाव पालटावे लागले. यंत्राच्या भाषेलाही पूर्वपरंपरा मोडता येत नाही, याचे हे एक उदाहरण होय.

एकाच नावाच्या या दोन क्रियांचा अर्थ मात्र भिन्न आहे, आणि हा भेद पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. ॲरेवरील ‘इन्क्लूड्स’ विचारते की यादीतील एखादी नोंद इष्ट शब्दाशी संपूर्णपणे एकरूप आहे काय. अक्षरमालेवरील ‘इन्क्लूड्स’ विचारते की एका नोंदीच्या पोटात इष्ट अक्षरे सलग आहेत काय. यादीतील ज्या नोंदींत शब्द कोठेतरी आला आहे त्या सर्व हव्या असतील तर यादीवर ‘फिल्टर’ चालवून तिच्या प्रत्येक नोंदीस दुसरा प्रश्न विचारावा लागतो. केवळ पहिली सापडलेली नोंद पुरेशी असेल तर ‘फाइंड’ ही क्रिया वापरतात, आणि केवळ ‘आहे की नाही’ एवढेच हवे असेल तर ‘सम’ ही. ‘फिल्टर’ला काहीच सापडले नाही तर ती रिकामी यादी देते, आणि आश्चर्य असे की जावास्क्रिप्टच्या नियमांनुसार रिकामी यादी ही ‘सत्य’ पक्षात मोडते. यादी मिळाली काय, एवढेच तपासणारी आज्ञावली काही न सापडताही ‘सापडले’ म्हणून पुढे जाते. म्हणून यादीची लांबी तपासणे आवश्यक ठरते.

(५)

आता देवपूर. समजा, दप्तराच्या यादीत पुढील सहा नोंदी आहेत : ‘देवपूर’, ‘मौजे देवपुर’, ‘देवपुरांतील विहीर’, ‘पांझरेपलीकडील देवपूर’, ‘देवपूरकर यांचा अर्ज’, ‘कसबे धुळें’. पहिल्या पाच नोंदींत हे नाव कोणत्या ना कोणत्या रूपाने आहे, हे मराठी वाचकास क्षणात दिसते.

संपूर्ण एकरूपतेची कसोटी लावली तर यंत्रास केवळ पहिली नोंद सापडते. पोटातील शोधाची कसोटी लावली तर पहिली, चौथी व पाचवी अशा तीन सापडतात. दुसरी आणि तिसरी निसटतात, कारण त्यांत पकारास ऱ्हस्व उकार आहे. यंत्राच्या अक्षरसंचात, म्हणजे युनिकोडात, ऱ्हस्व उकार आणि दीर्घ ऊकार यांस स्वतंत्र अंक आहेत, आणि यंत्र तुलना करते ती अंकांची. उलटपक्षी पाचवी नोंद सापडते ती आडनावामुळे. तीत देवपूर गावाविषयी काही असेलच असे नाही. अर्थात एकाच शोधात दोन प्रकारचे दोष संभवतात : हवे ते निसटणे आणि नको ते येणे.

तिसऱ्या नोंदीतील ऱ्हस्व उकार हा लेखकाचा प्रमाद नव्हे. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखननियमांनुसार ग्रामनामातील ‘पूर’ दीर्घ लिहावयाचा; परंतु त्याच नियमांनुसार उपान्त्य दीर्घ ऊकार सामान्यरूपात ऱ्हस्व होतो. म्हणून ‘देवपूर’ पण ‘देवपुरात’, ‘नागपूर’ पण ‘नागपुरास’. शुद्ध लिहिणाऱ्याच्या हातूनच नावाची दोन रूपे होतात. मराठीत गावाचे नाव वाक्यात येते ते बहुधा विभक्तीसह येते. तेव्हा केवळ प्रथमेचे रूप शोधणारा अभ्यासक त्या गावाचे बहुतेक उल्लेख गमावतो. त्यात १९६२ पूर्वीच्या मजकुरातील अनुस्वारांची भर पडते. ‘गाव’ शोधणाऱ्यास ‘गांव’ सापडत नाही आणि ‘धुळे’ शोधणाऱ्यास ‘धुळ्यास’ सापडत नाही. ‘धुळें’ मात्र सापडते, कारण तेथे अनुस्वार शेवटी असल्याने आधीची अक्षरे सलग राहतात.

उपाय म्हणून शब्दाची शेपटी छाटून ‘देवप’ एवढेच शोधावे, तर सर्व पाच नोंदी हाती येतात; पण देवस्थानाच्या हिशेबात ‘देवपूजेचा खर्च’ अशी नोंद असेल तर तीही येते. आकृतिबंध वापरून ‘पकारापुढे ऱ्हस्व किंवा दीर्घ उकार, त्यापुढे रेफ’ अशी अट घातली तर पूजा गळते, पाचही नोंदी राहतात, आणि आडनावाची छाननी माणसाने करावयाची उरते. हा मध्यम मार्ग बहुधा सर्वांत सुरक्षित होय.

याच नावाचा उत्तरार्ध घेतला तर अडचण अधिक तीव्र होते. पांझरेच्या जलप्रलयांचा इतिहास लिहू इच्छिणारा अभ्यासक यादीत ‘पूर’ हा शब्द शोधील. त्यास देवपूर मिळेल, शिरपूर मिळेल, ‘भरपूर’ मिळेल. इतकेच काय, ‘पूर्व’ आणि ‘पूर्ण’ हेही मिळतील. डोळ्यास ‘पूर्व’ या शब्दात ‘पूर’ दिसत नाही, कारण रेफ पुढील अक्षराच्या डोक्यावर चढतो. यंत्राच्या अंकमालेत मात्र पकार, ऊकार व रकार हे सलगच असतात आणि हलन्ताचे चिन्ह त्यानंतर येते. आणि ज्या नोंदी खरोखरच हव्या आहेत, जसे ‘पुराने वाहून गेलेला बांध’ किंवा ‘पुरात बुडालेले शेत’, त्यांपैकी एकही सापडणार नाही. शेकडो नोंदी मिळाल्या म्हणून शोध यशस्वी झाला असे वाटावे आणि इष्ट नोंदी सर्वच्या सर्व बाहेर राहाव्यात, असा हा प्रसंग आहे.

शब्दाची सीमा दाखविणारे चिन्ह आकृतिबंधात वापरावे, असे कोणी सुचवील. परंतु जावास्क्रिप्टमधील ते चिन्ह रोमन अक्षरे, अंक व अधोरेषा यांनाच शब्दाचे घटक मानते. देवनागरीच्या दृष्टीने ते निरुपयोगी आहे. २०१८ साली युनिकोडाच्या वर्णगुणांवरून शोधण्याची सोय भाषेत आली. तीतही ‘अक्षर’ या वर्गात काना, मात्रा, वेलांटी येत नाहीत, त्यांचा वर्ग ‘चिन्ह’ असा वेगळा आहे. दोन्ही वर्ग एकत्र घेतल्याशिवाय मराठी शब्दाची सीमा ठरत नाही.

आणखी एक सूक्ष्म भेद आहे, तो डोळ्यास दिसतही नाही. ‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्धचंद्राकृती रेफ यंत्रात तीन प्रकारे लिहिला जातो : त्यासाठी असलेल्या स्वतंत्र वर्णाने, साध्या रकाराखाली नुक्ता देऊन, अथवा रकार व हलन्तानंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालून. २०१५ साली भाषेत आलेली ‘नॉर्मलाइझ’ ही क्रिया पहिल्या दोन प्रकारांस एकरूप करते. तिसरा तसाच वेगळा राहतो. ‘ॲ’ हे अक्षर एका वर्णाने लिहिलेले आणि अकारावर चंद्र देऊन लिहिलेले, ही दोन रूपेही तिच्या दृष्टीने भिन्नच राहतात. ऱ्हस्वदीर्घाचा भेद तर ती कधीच मिटवीत नाही, कारण भाषेच्या दृष्टीने तो खरा भेद आहे.

येथे इतिहासाच्या अभ्यासकास विशेष महत्त्वाची अशी एक गोष्ट येते. खानदेशासह मराठी मुलुखातील जुनी दप्तरे बहुतांशी मोडी लिपीत आहेत. मोडी लेखनात इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद सामान्यतः पाळला जात नव्हता. आधी शिरोरेषा ओढून तिच्याखाली सलग लिहिण्याच्या प्रघातामुळे शब्दांमध्ये अंतरही नसे. म्हणजे ज्या दोन भेदांवर यंत्राचा शोध अडखळतो, ते उकाराचा भेद आणि शब्दसीमेचा भेद, मूळ कागदावर नव्हतेच. ते लिप्यंतर करणाऱ्याने घातले. एकाने ‘देवपुर’ असे लिप्यंतर केले आणि दुसऱ्याने ‘देवपूर’ असे केले, तर दोघांचेही वाचन निर्दोष असू शकते. परंतु शोधणाऱ्याच्या हाती एकाचीच नोंद लागते. मोडी लिपीस २०१४ साली युनिकोडात स्वतंत्र स्थान मिळाले, तथापि सूचींचे काम देवनागरी लिप्यंतरावरच चालते. तेव्हा यादीतील शोध हा मूळ साधनावरचा शोध नसून लिप्यंतरकाराच्या निर्णयांवरचा शोध असतो, याचे विस्मरण होऊ नये.

(६)

‘नाही’ हे ज्ञान कशाने होते, हा भारतीय दर्शनांतील जुना वादविषय आहे. भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती यांनी अनुपलब्धि हे स्वतंत्र प्रमाण मानले. नैयायिकांनी ते तसे मानले नाही. परंतु एका अटीविषयी मतभेद नव्हता : अनुपलब्धि योग्य असली पाहिजे. भूतलावर घट असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती असेल तरच न दिसण्यावरून घटाचा अभाव सिद्ध होतो. अंधारात घट दिसला नाही, यावरून काहीही सिद्ध होत नाही.

यादीतील शब्दशोधास ही अट जशीच्या तशी लागू पडते. ‘देवपूर’ हा शब्द शोधून रिकामी यादी आली, यावरून देवपूरचा उल्लेख नाही असे म्हणण्यापूर्वी विचारले पाहिजे : उल्लेख असता तर या शोधास तो सापडलाच असता काय? सहा नोंदींच्या वरील उदाहरणातच या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे. दोन उल्लेख असून ते सापडले नाहीत. प्रकाश पुरेसा नव्हता.

जुन्या सूचींचा अंधार उघड होता. प्रतीकसूची वापरणाऱ्यास माहीत असे की तीत मधले शब्द नाहीत. चिठ्ठ्यांचा कोश वापरणाऱ्यास माहीत असे की चिठ्ठी कोणी पंडिताने लावली आहे आणि त्याची दृष्टी चुकू शकते. यंत्राच्या शोधचौकटीत मात्र कसोटी कोणती लावली गेली हे कोठेच लिहिलेले नसते. संपूर्ण एकरूपता, पोटातील शोध, की आकृतिबंध. ‘नॉर्मलाइझ’ केले की नाही. हे सर्व आज्ञावली लिहिणाऱ्याने ठरविलेले असते आणि शोधणारा ते न जाणता उत्तर स्वीकारतो. समतेचा निर्णय पूर्वीही होता व आजही आहे. पूर्वी तो अभ्यासकाच्या हाती होता, आज तो नकळत दुसऱ्याच्या हाती गेला आहे.

यावरून यंत्राचा त्याग करावा असा निष्कर्ष निघत नाही. हजारो नोंदी डोळ्यांनी चाळणारा मनुष्यही थकतो आणि त्याच्या चुका यंत्राच्या चुकांसारख्या नियमबद्ध नसल्यामुळे शोधून काढणे अधिक कठीण जाते. यंत्राची चूक एकदा कळली की ती सर्वत्र दुरुस्त करता येते, हा त्याचा मोठा गुण आहे. निघतो तो निष्कर्ष रीतीविषयीचा आहे. पहिली गोष्ट, शोधावयाच्या नावाची सर्व संभाव्य रूपे, म्हणजे सामान्यरूप, ऱ्हस्वदीर्घ, जुने अनुस्वार व प्रचलित पर्याय, आधी कागदावर मांडावीत आणि शोध त्या सर्वांचा करावा. दुसरी गोष्ट, शोधाची परीक्षा घ्यावी : यादीतील काही भाग स्वतः वाचून ज्या नोंदींत नाव आहे अशा निवडाव्यात, आणि त्याच नोंदी यंत्रास सापडतात काय हे पाहावे. जो शोध ठाऊक असलेले उल्लेख दाखवीत नाही, त्याच्या मौनास प्रमाण मानता येत नाही. तिसरी गोष्ट, प्रबंधात ‘उल्लेख आढळत नाही’ असे लिहिताना कोणती यादी, कोणती रूपे आणि कोणती कसोटी, हे त्याच वाक्याशेजारी नोंदवावे. राजवाड्यांनी पत्रे छापून वाचकास पुनर्गणनेची जी संधी दिली, तिचे आजचे रूप हेच होय.

पांझरेच्या उत्तर तीरावरील या वस्तीचा इतिहास जेव्हा कोणी दप्तरांच्या याद्यांवरून लिहील, तेव्हा तिचा पहिला उल्लेख केव्हाचा, हा प्रश्न त्याच्यापुढे प्रथम येईल. ‘देवपूर’ एवढेच शोधणाऱ्यास एक वर्ष मिळेल. ‘देवपुर’ आणि ‘देवपुरांत’ हेही शोधणाऱ्यास कदाचित त्याहून जुने वर्ष मिळेल. दोहोंपैकी कोणते वर्ष ग्रंथात छापले जाईल, हे एका उकाराच्या निर्णयावर अवलंबून राहणार आहे. तो निर्णय अभ्यासकाने स्वतः, जाणीवपूर्वक आणि लेखी घेतला पाहिजे.